लिऊंच्या पाटीवरची सुरी

मिंग्या, सातवीत असताना एका ठोशात तू माझा समोरचा दात पाडलास. त्या जागचा दात, आधी तुझ्या बापानं बसवलेला आणि नंतर दोनदा तू बदलून दिलेला, परवा तुझ्यावर मूठभर माती टाकताना हलायला लागला. आता कुणाकडं जाऊ बे? उजवा हात कामातून गेल्यावरही तू डाव्या हातानं माझ्या एकट्याचं तोंड तपासायचास, ते पण आधी शिवी देऊन. हल्लीचे डॉक्टर आधी फॉर्म भरून घेतात. तुझी शिवी बरी होती.

लोक तुझ्याबद्दल लई गोड बोलतायत. देवमाणूस म्हणे, हसतमुख म्हणे. हसतमुख! दुसऱ्यांचं तोंड उघडून बघण्यात तुझा जन्म गेला, तुझं तोंड कुणी बघितलंच नसावं. माणूस मेल्यावर गोड होतो हे मला पटत नाही. तू कडू होतास, हट्टी होतास, आणि गेली पाच वर्षं दर रविवारी एकाच गोष्टीवरून माझ्याशी भांडत होतास. तुझ्या दवाखान्याच्या पाटीवरचं लिऊ हे आडनाव मी माझ्या हातानं पुसलं, यावरून. मी म्हणायचो, तुझा जीव वाचवला. तू म्हणायचास, "माझा बाप मारलास तू." ते भांडण अर्धं टाकून तू उठून गेलास. आणि त्या दिवसातली एक गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही. ती आज सांगणार आहे. मधे बोलू नकोस.

आपली ओळखच मारामारीतून झाली. दोन बोटांनी डोळे ताणून मी वर्गात तुझी नक्कल केली, पोरं खिदळली, आणि पुढच्या क्षणाला माझ्या तोंडात रक्त आणि तुकडा. तुझ्या बापानं मला नवी पेठेतल्या त्या लोखंडी खुर्चीत बसवून उरलेलं मूळ उपटलं. मी गुरासारखा ओरडलो. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला, तुला एक मुस्काटात दिली आणि मला एक. "दोघांचं सारखं," म्हणाले. बाहेर पडल्यावर तू विचारलंस, "दुखतंय का बे?" मी म्हणालो, "तुझं?" तेव्हापासून आपण दोस्त.

तुझ्या घरी मी पडीक असायचो, तू माझ्या घरी. आमच्या दोन खोल्यांत माग चालायचा, त्या खडखडाटात तू आईच्या हातचा भात-पप्पू, म्हणजे आमचं वरण, ओरपायचास. तुझ्या आडनावाच्या गोष्टी आईनंच तुझ्याकडून काढून घेतल्या. चीनमध्ये लिऊ म्हणजे आपल्याकडच्या शिंदे-जाधवांसारखे, वाटेल तिथं भेटतात, कोट्यवधी असतील. पण दोन लिऊंनी एकमेकांशी लग्न करायचं नाही, कितीही लांबचे असोत, सगळे एका घरचे. बाई लग्नानंतरही बापाचंच आडनाव लावते. आणि नाव सांगताना आडनाव आधी. आधी घर, मग माणूस. हे ऐकून आई खूश झाली. आम्ही तेलुगू, आमच्यातही घराचं नाव आधी येतं, आणि त्याच नावाच्या घरात मुलगी देत नाहीत. आई तुला म्हणाली, "मग तू आमच्यातलाच की रे, नुसतं नाक तेवढं चपटं." तू तिच्यावर कधी चिडला नाहीस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याचा दात गेला असता.

एवढ्या कोट्यवधी लिऊंमधलं सोलापुरात घर एकच, तुमचं. आणि त्या एका घराच्या दारावरची पाटी कोरी होती. नुसती काळी फळी. ती का काळी, हे मला फार उशिरा कळलं.

मी एकवीस वर्षांचा असेन. माग सोडून पाट्या रंगवायला लागलो होतो. तुझ्या बापानं मला बोलावलं आणि त्या फळीकडं बोट केलं. म्हणाले, बासष्टच्या लढाईच्या वेळी लोक दारावर चालून आले. आपला मिंग चार वर्षांचा, आईच्या कमरेवर. पहिला दगड काचेवर, दुसरा तिच्या खांद्यावर. मग मीच डांबराचा डबा घेऊन खुर्चीवर चढलो आणि माझं नाव पुसलं. ते हसले, टाळ्या वाजवल्या आणि निघून गेले. पुढं चिनी म्हणून दर आठवड्याला पोलिस चौकीत सही करायला जावं लागायचं, त्याचं काही वाटलं नाही. पण त्या टाळ्या अजून ऐकू येतात. एवढं बोलून ते म्हणाले, "व्यंकटेश, आता परत लिही. पण आधी शीक."

महिनाभर शिकवलं मला. जुन्या वर्तमानपत्रावर, पाण्यात ब्रश बुडवून. ते अक्षर पंधरा फटकाऱ्यांचं. एक फटकारा चुकला की दात बघायच्या आरशाचा दांडा बोटांच्या पेरांवर. माझी पेरं सुजली, आणि तू बाजूला बसून शेंगा खात हसत होतास. ते म्हणायचे, या नावाच्या पोटात धातू आहे आणि उजव्या अंगाला सुरी आहे. फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थच ठार मारणं असा होता. "आणि आम्ही बघ, पिढ्यान्‌पिढ्या नुसते दात उपटतोय." ती सुरी म्हणजे शेवटचे दोन फटकारे, एक आखूड आणि एक लांब. लांबाला खाली आकडा, आणि तो आकडा मी पुन्हा पुन्हा बाहेरच्या बाजूला काढायचो. एकदा त्यांनी माझा पंजाच धरला. "बाहेर नाही. सुरी शेवटी काढायची, आणि टोक आत वळवायचं, स्वतःच्या नावाकडं."

पाटी तयार झाली. निळी जमीन, पिवळं अक्षर, खाली मराठीत लिऊ दातांचा दवाखाना. पाटी चढली तेव्हा तुझा बाप रस्त्यात उभा राहून रडला. भर नवी पेठेत, रिक्षा हॉर्न मारतायत, आणि हा बाबा हलत नाही. तुला आठवतंय ना? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते होतं. आणि चाळीस वर्षांनी ते मीच पुसलं.

आता तो दिवस. टाळेबंदीचं वर्ष, सीमेवर आपले जवान मारले गेले त्यानंतरचा आठवडा. चौकाचौकात चिनी मोबाइल, टीव्ही फोडणं चाललं होतं. खरं सांगतो, रक्त माझंही तापलं होतं. घरातला चिनी टॉर्च मीसुद्धा भिंतीवर आपटला आणि तुला बोललो नाही. दुपारी एक वाजता माझ्या दुकानासमोरून पंचवीस-तीस पोरं गेली. आपल्या भागातली नव्हती. हातात सळया, एकाच्या हातात हॉकी स्टिक. त्यातला एक म्हणाला, "हितंच कुटंतरी चिन्याची पाटी हाय, चिनी अक्षर हाय तिच्यावर." मी मागच्या बोळातनं पळालो. बासष्ट वर्षांचा माणूस, खांद्यावर शिडी, हातात काळ्या रंगाचा डबा. तुझं शटर बंद होतं, तू वर जेवून लवंडलेला असशील असं मी धरून चाललो. शिडी लावली आणि ते पंधरा फटकारे पाच झटक्यांत काळे केले. लिऊ पण काळं केलं. फक्त दातांचा दवाखाना उरला.

इथपर्यंत तुला माहीत होतं. इथपर्यंतच आपण पाच वर्षं भांडलो.

मी शिडीवर असतानाच ते आले. शिडीच्या पायाशी उभे राहिले. ज्याच्या हातात हॉकी स्टिक होती त्यानं वर बघून विचारलं, "काका, चिन्याचं दुकान कुटं हाय?" रंग माझ्या कोपरापर्यंत ओघळत होता. मला 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. 'हितं कुणी चिनी न्हाय, घरी जावा' म्हणता आलं असतं. त्यांच्या बापाच्या वयाचा होतो, एखादी शिवी हासडली असती तरी चाललं असतं. मी तोंडातनं शब्द काढला नाही. मी बोट केलं. ब्रश धरलेल्या हाताचं बोट, चौकाच्या दिशेनं.

चौकात काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, मिंग्या. दिलबहादूरची चायनीजची गाडी. पार्सलपुरती लावायला नुकतीच परवानगी मिळाली होती त्याला. वीस वर्षांपूर्वी नेपाळहून आलेला माणूस, बायको इथल्याच दवाखान्यात आया, पोरं मराठी शाळेत. त्या गाडीवरचा लाल ड्रॅगन मीच रंगवला होता. म्हणजे मी आंधळेपणानं बोट केलं नाही. तू सोडून दुसरं कुणीतरी, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते दुसरं कोण हे मला दिसत होतं.

मग मी त्यांच्या मागं पळालो आणि कोपऱ्यावर थांबलो. पुढं गेलो नाही. त्यांनी आधी गाडीची काच फोडली, मग कढई लाथाडली. उकळतं तेल बहादूरच्या मांडीवर आणि पायावर गेलं. तो ओरडत होता, "मारू नका, मी चिनी न्हाय, मी नेपाळचा हाय! माझी पोरं हितं शाळेत हायत!" आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होता तो, आणि ते हसत होते. एका सळईचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. तो आवाज मला अजून येतो. तो आवाज माणसाचा नव्हता.

आणि तेवढ्यात तू. बनियनवर, चौकड्याच्या लुंगीत, अनवाणी. "ए भडव्यांनो! चिनी पायजे ना तुमाला? हितं बघा. मी लिऊ! लिऊ मिंग! माझ्या बापाचं नाव पण लिऊ, त्याच्या बापाचं पण लिऊ! या!" पहिल्याला तू सातवीतला ठोसा दिलास. त्याचा दात पडताना मी बघितला. मग ते सगळे तुझ्यावर पडले. तुझं डोकं फुटलं, बरगड्यांवर लाथा बसल्या. दोघांनी तुझा उजवा हात गाडीच्या फळीवर दाबून धरला आणि तिसऱ्यानं त्यावर गॅसची टाकी आदळली. एकदा नाही, तीनदा. ज्या हातानं तू अर्ध्या सोलापूरचे दात काढलेस तो हात. तू ओरडला नाहीस, नुसता त्यांच्याकडं बघत राहिलास. पोलिसांची गाडी दिसल्यावर ते पांगले, आणि मग मी आलो. मेल्यागत उभा होतो इतका वेळ, आणि आल्यावर तुझं डोकं मांडीवर घेऊन मोठमोठ्यानं रडलो. लोकांना वाटलं, काय मित्र आहे.

सिव्हिलमध्ये हवालदारानं तुला विचारलं, "पूर्ण नाव?" तू म्हणालास, "लिऊ मिंग." तो म्हणाला, "आडनाव?" तू सुजलेल्या ओठांनी म्हणालास, "ते आधी सांगितलं की." मला त्या परिस्थितीतही हसू आलं. मग तू माझ्याकडं वळलास. "पाटी का पुसलीस?" तो पहिला दिवस. तिथून सुरू झालं.

पुढची पाच वर्षं दर रविवारी सकाळी तुझ्या ओट्यावर. तू म्हणायचास, पाटी असती तर दगड मारले असते, काच फुटली असती, फार तर मला चार तडाखे बसले असते. माझ्या नावाचं माझ्या दारात निभावलं असतं. तू ते पुसलंस आणि ते दुसऱ्याच्या दारात गेलं. मी म्हणायचो, अरे, मारून टाकला असता तुला! तू म्हणायचास, "मग मेलो असतो लिऊ म्हणून." मी शिव्या द्यायचो, तू कप आपटायचास. मी विचारायचो, नवी पाटी करून देऊ का? तू म्हणायचास, "तुझ्या हातची नको." तरी पुढच्या रविवारी चहाचे दोन कप यायचेच. आणि दर वेळी मी उठायला लागलो की तू विचारायचास, "झालं? अजून काय राहिलंय?" मी म्हणायचो, काही नाही. तू मान हलवायचास. मला वाटायचं, चहाचं विचारतोस.

तू बहादूरच्या उपचारांमागं धावलास, त्याला नवी गाडी उभी करून दिलीस. त्या गाडीवर नाव रंगवायला त्यानं मला बोलावलं, तेव्हा मी पाठदुखीचं निमित्त सांगितलं. एक डोळा गेलेल्या माणसासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

परवा ख्रिस्ती दफनभूमीत, तुझ्या बापाच्या शेजारी तुला ठेवलं. तुझी लेक मेई जुळे सोलापूरहून स्कूटरवर पुढं आली होती सगळी तयारी बघायला. लग्नाला दहा वर्षं झाली, सासरी टोमणे खाल्ले, पण पोरगी अजून लिऊच लावते. तिचा चुलतसासरा कबरीवरच्या दगडाबद्दल म्हणाला, "नाव मराठीत लिहा, बास. चिनी अक्षर नको. कुणीतरी येऊन फोडंल, कशाला पायजे?" वाईट बुद्धीनं बोलला नाही तो. माझ्यासारखाच बोलला. मेई माझ्याकडं वळून म्हणाली, "व्यंकूकाका, बाबांच्या दगडावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हीच पुसलं होतं ना."

पोरगी तुझ्यावरच गेलीय.

रात्री डोळा लागला नाही. सकाळी उठून मी बहादूरच्या घरी गेलो. तो गाडीसाठी कोबी चिरत बसला होता. उभ्या उभ्या सांगून टाकलं. म्हणालो, "बहादूर, त्या दिवशी त्या पोरांना तुझ्याकडं मी पाठवलं. शिडीवरून बोट केलं." वाटलं, हातातली सुरी तो माझ्या पोटात घालेल. घातली असती तरी मी हललो नसतो.

तो कोबी चिरत राहिला. म्हणाला, "ठाऊक हाय मला."

"कधीपासनं?"

"त्याच सालापासनं. डॉक्टरनी सांगितलं. ते वरच्या खिडकीत हुबं होते, तुमी बोट केलं ते त्यांनी बघितलं. म्हणून तर मागच्या जिन्यानं पळत आले ते. मी म्हणालो, जातो आन्‌ पेंटरच्या तोंडात मारून येतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तो सोताच सांगंल बघ, मी दर रविवारी विचारतो त्याला."

मी त्याच्या उंबऱ्यात खाली बसलो. अनवाणी, बनियनवर, एवढ्या लवकर तू चौकात पोचलासच कसा, हे पाच वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तू मला अडीचशे रविवार दिलेस. पाटीवरून भांडत राहिलास, म्हणजे मी चिडून का होईना, दुसरं बोलून जाईन. आणि मी तुझा चहा पिऊन, तोंड पुसून घरी जात राहिलो. किती नालायक असावं माणसानं!

"मारायचं तर मार आता," मी बहादूरला म्हणालो.

त्यानं सुरी पुसून बाजूला ठेवली. "मारून डोळा येतोय व्हय परत?" "माफ केलं असं म्हणत न्हाय मी. पण दगडाचं काम करायला चालला असाल तर डबा धरायला येतो. डॉक्टरचं नाव नीट लिवलंय का न्हाय, ते मला बघायचंय."

आज दुपारी गेलो आम्ही. ऊन असं की दगडाला हात लावता येईना. मेई छत्री धरून उभी राहिली. खडू लावलेली दोरी ताणून मी रेघा आखून घेतल्या. मराठीत आधी लिऊ लिहिलं, मग मिंग. आधी घर, मग माणूस. त्याच्या वर अक्षराला जागा ठेवली, तुझ्या बापाच्या दगडावर आहे तेवढीच मोठी. काळ्या दगडावर पिवळा रंग. बहादूर डबा धरून होता आणि त्याचा उरलेला डोळा माझ्या ब्रशवर होता. पहिले पाच फटकारे बरे आले. मधले आठ, धातूचे, पंचेचाळीस वर्षांपूर्वी पेरांवर बसलेल्या मारानं आपोआप आले. सुरीचा आखूड फटकारा काढला आणि मी थांबलो. घाम डोळ्यांत जात होता.

बहादूर म्हणाला, "थांबला का? एक राहिला की."

त्याला कुणी शिकवलं हे अक्षर? तूच शिकवलं असणार, डाव्या हातानं. मी श्वास धरला, ब्रश वरून खाली ओढला, आणि टोक आत वळवलं. मग दगडासमोर, मेईच्या आणि बहादूरच्या देखत, मोठ्यानं म्हणालो, "मिंग्या, बोट मी केलं होतं."

झालं. आता विचार की बे, अजून काय राहिलंय.